शेवटचं बटण

"मी त्याच्यासाठी कमावतो हो, पण त्याच्याबरोबर बसून करायचं काय, ते मला कळत नाही." नऊ वर्षांच्या मुलाचे वडील हे बोलले, तेही बायको खोलीबाहेर गेल्यावर. मुलाला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता. शाळा, थेरपी सगळं आईच बघायची. हीच खंत मी कितीतरी वडिलांकडून ऐकली आहे.

प्रयत्न त्यांनी केले होते. शर्ट घालायला शिकवायला बसले की दहा मिनिटांत आवाज चढायचा, मुलगा कान झाकून घ्यायचा, आई येऊन बटणं लावून टाकायची. मग त्यांनी तो नादच सोडला.

मी म्हटलं, "शेवटापासून सुरू करा. वरची चार बटणं तुम्ही लावा. पाचवंही काजातून अर्धं बाहेर काढून द्या. त्यानं फक्त ओढायचं." विशेष शिक्षणातली ही जुनी पद्धत. कामाचे तुकडे पाडायचे आणि शेवटचा तुकडा आधी शिकवायचा. म्हणजे काम पुरं होतं ते रोज मुलाच्याच हातून. समोर बसू नका, समोरून त्याला सगळं उलटं दिसतं. पाठीमागे बसा, तुमचे आणि त्याचे हात एकाच दिशेनं चालू देत. आणि एकदा सांगितलं की मनात दहापर्यंत मोजा. मधेच पुन्हा बोललात तर बिचाऱ्याला पहिल्यापासून ऐकावं लागतं. आईला मी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत थांबायला सांगितलं. तिला ते जास्त जड गेलं, आणि ते मला समजत होतं.

तीन आठवड्यांनी पाचवं बटण जमलं होतं. तरी वडील रडले. धाकट्या चुलतभावाला सायकल चालवताना पाहून पुन्हा पोटात कालवलं होतं. "म्हणजे मी याला अजून स्वीकारलंच नाही का?"

असं नसतं. सायमन ओलशान्स्की या अमेरिकन अभ्यासकानं 1962 मध्येच अशा पालकांच्या दुःखाबद्दल लिहून ठेवलंय, की ते आयुष्यभर सोबत राहतं, अधूनमधून उसळतं, आणि तो आजार नव्हे, स्वाभाविक प्रतिसाद आहे. त्या दुःखासकट मुलावर माया करता येते. हे वडील करतच होते. फक्त त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

सध्या दोघं तिसऱ्या बटणावर आहेत. महिनाभर तिथंच अडलेत, पण रोज रात्री बसतात.