आई म्हणते अ‍ॅडजस्ट कर, पण त्याने गळा धरलाय

(पत्र थोडक्यात: वय ३४, भांडुपला राहते, मुलगी दुसरीत. नवरा मारतो, एटीएम कार्ड त्याच्याकडे, रोज रात्री माझा मोबाईल चेक करतो. मागच्या महिन्यात गळा धरला. घर सासूच्या नावावर. आई म्हणते मुलीकडे बघून अ‍ॅडजस्ट कर. तो म्हणतो गेलीस तर मुलगी विसर. कसं निघू?)

अगं, हे तू स्वतःच्या मोबाईलवर वाचत असशील तर आधी बंद कर, हिस्टरीतून काढ आणि मैत्रिणीच्या फोनवर उघड.

गळा धरला हे तू एटीएम कार्डाच्या ओघात एका ओळीत लिहून मोकळी झालीस, मी मात्र तिथेच अडकले. मारहाणीच्या केसेस बघणारे लोक याला फार मोठी धोक्याची खूण मानतात, आणि बायको निघतेय असं कळलं की असा माणूस आणखीनच पिसाळतो. त्यामुळे शेवटचं बोलून घेऊ, समजावून बघू वगैरे काही नाही, आणि 'जाते मी माहेरी' ही धमकी पण आजपासून बंद. आईवर चिडू नकोस, आमच्या वेळी पण हेच सांगायचे, सांगणाऱ्या स्वतः पदराने दंड झाकून बसायच्या. पण तिला तारीख सांगू नकोस, रडत रडत जावयालाच फोन करेल.

घसा बसला असेल, गिळताना दुखत असेल तर सरळ हॉस्पिटलला जा. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये आणि महापालिकेच्या आणखी काही हॉस्पिटलांत 'दिलासा' केंद्र असतं, तिथल्या ताया याच कामासाठी बसलेल्या असतात. डॉक्टरला बाथरूममध्ये पडले असं सांगू नकोस प्लीज, केसपेपरवर जे लिहिलं जातं तेच पुढे कोर्टात उपयोगी पडतं.

आता कागद. तुझं आधार, पॅन, पासबुक, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला. सगळे एकदम उचलू नकोस, कपाटातली फाईल चपटी दिसली की त्याला कळेल. आठवड्याला एक काढायचा, त्या जागी कलर झेरॉक्स सरकवायची आणि ओरिजिनल अशा मैत्रिणीकडे द्यायचं जिच्या घरी त्याचं येणंजाणं नाही. दागिने पण तसेच, तुझं स्त्रीधन आहे ते, पण रोज अंगावर दिसणारं काही हलवू नकोस.

मोबाईलचे पासवर्ड घाईघाईने बदलू नकोस, त्याला लगेच संशय येईल. फक्त व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघून ठेव आणि गुगल मॅपवर तुझं लोकेशन कुणाला जातंय का ते बघ. निघायच्या दिवशी बंद कर सगळं. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन मैत्रिणीच्या फोनवरून कर, राहायची सोय आणि तुमच्या भागातला संरक्षण अधिकारी, म्हणजे घरातल्या मारहाणीत बायकांना मदत करणारा सरकारी अधिकारी, कोण ते विचार. जीवावर आलं तर मात्र लपवाछपवी नाही, सरळ ११२, पोलिसांचा इमर्जन्सी नंबर.

घराचं म्हणशील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तुला राहत्या घरात राहायचा हक्क मागता येतो, घर सासूच्या नावावर असलं तरी, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय. आता निघालीस म्हणून तो हक्क आपोआप जात नाही. 'मुलगी विसर' हे तो म्हणतो, कोर्ट नाही म्हणालेलं. तिला सोबतच ने आणि त्याच कायद्याखाली तात्पुरत्या ताब्याचा अर्ज लगेच टाक, वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

निघालीस की पहिल्याच दिवशी जिथे पोचशील तिथल्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दे, मी स्वतःहून मुलीला घेऊन निघालेय, नवऱ्याकडून जिवाला धोका आहे, आणि त्याच्या कॉपीवर शिक्का मारून घे. कारण तो मिसिंगची तक्रार करणार, करतातच. मारहाणीची तक्रार दिलीस आणि नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून बोळवण करायला लागले तरी कॉपी घेतल्याशिवाय उठू नकोस.

दिवस साधाच निवड, तो कामावर गेलेला, मुलीची शाळा असलेला. दप्तर आणि तुझी नेहमीची पर्स, बस, सुटकेस नको, बिल्डिंगच्या गेटवर दहा जण विचारतील. लेकीला आधी काही सांगायचं नाही, सात वर्षांचं पोर आजीला बोलून जाईल. आणि ती गोधडी, जिच्याशिवाय तिला झोप नाही म्हणालीस, ती त्याच सकाळी दप्तरात घाल, आधी हलवलीस तर रात्री घरभर शोधत बसेल.