धोरणाकडे वळल्यास इंजिनिअरिंग वाया जाईल का?

तंत्रज्ञान धोरणातील, म्हणजे तंत्रज्ञानाविषयीचे नियम कसे ठरतात याच्या, पदव्युत्तर शिक्षणाविषयी विचारायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण प्रवेश आणि शुल्काची चौकशी करता करता अखेर एकाच भीतीपाशी येतात: कष्टाने मिळवलेली तांत्रिक पदवी यामुळे वाया जाईल का? पिंपरी-चिंचवडमधील वाहन उद्योगात इंजिनांच्या उत्सर्जन चाचण्या करणारी एक तरुणी (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आली होती. "मॅडम, बाबा विचारतात, धोरणच शिकायचं होतं तर मेकॅनिकल कशाला केलंस?"

अभ्यासक्रमांविषयी बोलण्याआधी मी तिला विचारले, की कामातील कोणती गोष्ट घरी गेल्यावरही डोक्यातून जात नाही. त्यावर ती भारत स्टेज सहाच्या, म्हणजे वाहनांच्या धुरातील प्रदूषणावर मर्यादा घालणाऱ्या सरकारी निकषांविषयी भरभरून बोलू लागली. सरकारने 2016 मध्ये पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्यासाठी 1 एप्रिल 2020 ही तारीख ठरवली. इंधनातील गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10 भाग) आणल्याखेरीज धूर शुद्ध करणारी नवी यंत्रणा नीट चालणे कठीण होते, त्यामुळे वाहन कंपन्यांबरोबर तेलशुद्धीकरण कारखान्यांनाही बदलावे लागले. "मर्यादा पाळली जाते का, हे मी मोजते, पण ती कोणत्या हिशेबाने ठरली आणि खर्च कोणावर पडला, हे मला सांगता येत नाही."

हाच या विद्याशाखेचा विषय आहे, असे मी तिला सांगितले. 'हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे' असे उद्योग म्हणतो, तेव्हा ती खरी अडचण आहे की मुदत वाढवून घेण्याची युक्ती, हे टेस्ट बेडवर (इंजिन चाचणीच्या मंचावर) काम केलेल्या माणसाला लवकर उमगते. तिच्याकडे नव्हते ते अर्थशास्त्र, कायदा आणि प्रशासनाचे ज्ञान. अभ्यासक्रम तेवढ्यासाठीच हवा होता.

अभ्यासक्रम मात्र एका साच्याचे नाहीत. अमेरिकेतील एमआयटीचा कार्यक्रम संशोधनाधारित असून तेथील अनेक विद्यार्थ्यांचा खर्च संशोधन साहाय्यकाच्या कामातून भागतो. केंब्रिजचा एमफिल सुमारे वर्षभराचा, व्यवस्थापन विद्यालयात शिकवला जाणारा आणि खर्चिक आहे. आयआयटी मुंबईत दोन वर्षांचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम आहे, शिवाय तेथील 'सितारा' या ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक करता येते. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लावून परदेशी जाण्यास मी स्पष्ट विरोध केला. या पदवीने सरकारी नोकरी आपोआप मिळत नाही; धोरण संशोधन संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार वाहन उद्योगापेक्षा कमी असू शकतो आणि नेमणुका बऱ्याचदा कराराच्या असतात. बाबांची काळजी पदवीविषयी चुकीची असली, तरी पैशांविषयी रास्त होती, आणि हे मी दोघांसमोर बोलले.

नुसत्या कंटाळ्यापोटी येणाऱ्यांना मी हा मार्ग सुचवत नाही. त्यांना बहुधा नवा अभ्यासक्रम नको असतो, नवा साहेब हवा असतो. तिचे तसे नव्हते, तरीही राजीनाम्यापूर्वी कंपनीतच होमोलोगेशन विभागात, म्हणजे वाहनांना नियमांनुसार मान्यता मिळवणाऱ्या विभागात, बदली मागावी, असे मी सुचवले, कारण नियमांचे मसुदे, त्यांवरील हरकती आणि प्रमाणन संस्थांशी होणारा पत्रव्यवहार तेथे रोज हाताळावा लागतो. बदली मिळाली. त्या कामाच्या आधारे लिहिलेले निवेदन घेऊन पुढे तिने देशातच प्रवेश मिळवला आणि आता ती जुन्या मालवाहू गाड्यांच्या तपासणी नियमांवर प्रबंध लिहीत आहे.