पहिल्या दीड महिन्याच्या हिशेबावर एफडी मोडू नका

प्रश्न थोडक्यात असा. कराडची एक मुलगी सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीत माग्डेबुर्गला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी गेली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, निवृत्तीला दोन वर्षं. घर तारण ठेवून सरकारी बँकेचं 20 लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालंय आणि त्यातले 13.5 लाख उचललेत. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच सोडणारं खातं) 11,904 युरो भरले, फॉरेक्स कार्डावर 1,500 युरो घेतले. आज दीड महिन्यानंतर तिचे 2,640 युरो संपलेत. ती लिहिते, ‘या वेगानं वर्षाचे पैसे मेमध्येच संपतील. रात्री झोप लागत नाही. एका पार्सल कंपनीच्या गोदामात रात्री दहा ते दोन असं काम मिळतंय, आठवड्याला 20 तास. हातात 1,100 युरो येतील, म्हणजे बाबांच्या पगारापेक्षा जास्त. बाबा म्हणतात काम करू नकोस, मी साडेतीन लाखांची एफडी मोडून पाठवतो. काय करू? कधी कधी वाटतं, परतच यावं.’

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करतो.

पत्राबरोबर खर्चाची यादी पाठवलीस हे फार बरं केलंस. लोक मला त्यांची भीती लिहून पाठवतात, हिशेब पाठवत नाहीत. तुझी यादी मी दोनदा वाचली आणि पेन्सिलनं तिचे दोन भाग केले.

खोलीचं डिपॉझिट 580. खोलीचा ताबा मिळेपर्यंत आठ रात्री हॉस्टेलात काढल्यास, त्याचे 336. रजई, उशी, दोन पातेली आणि थंडीचं जाकीट मिळून 264. रेसिडेन्स परमिटचे 100. हे झाले 1,280 युरो, आणि यातलं काहीही पुढच्या महिन्यात पुन्हा भरायचं नाही. डिपॉझिट तर खोली सोडताना परत यायचंय. खोलीला डाग पाडू नकोस आणि ताब्याच्या दिवशी काढलेले फोटो जपून ठेव, एवढंच.

राहिले 1,360. त्यात दोन महिन्यांचं भाडं 580, आरोग्य विम्याचे दोन हप्ते 290, आणि दीड महिन्याचं खाणं-पिणं, फोन, किरकोळ मिळून 490. तुझा खरा महिना हा आहे. भाडं 290, विमा 145, खाणं आणि वरखर्च 325. घरामागे 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची फी येते, ती तिघींत वाटली की तुझे सहा. फेब्रुवारीत पुढच्या सेमिस्टरची फी भरावी लागेल, तिच्यासाठी आतापासून महिन्याला 50 बाजूला काढ. एकूण 816. ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याला सुटतात 992. म्हणजे 176 युरो उरतात.

उरतात, अगं. कमी पडत नाहीत. कार्डावरचे 1,500 आणि आलेले दोन हप्ते यातून 2,640 वजा केले तर आजही तुझ्याकडे 844 युरो असायला हवेत. बघ, आहेत का. असतील तर मेमध्ये पैसे संपायचा प्रश्नच नाही.

या चुकीत तू एकटी नाहीस. 1994 साली मी गावाहून पुण्याला आलो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. पहिल्या महिन्यात गादी, बादली, स्टोव्ह, मेसचं डिपॉझिट, पुस्तकं. महिनाअखेर घरी पोस्टकार्ड टाकलं, ‘इथे महिन्याला 1,900 रुपये लागतात.’ वडिलांनी काही विचारलं नाही, दुभती म्हैस विकली. दुसऱ्या महिन्यात मला 850 पुरले. पण म्हैस तोवर कासेगावच्या एका माणसाच्या गोठ्यात गेली होती, आणि आई पुढची दोन वर्षं दूध विकत घेत होती. तुझ्या वडिलांची एफडी हा शब्द वाचला तेव्हा मला ती म्हैसच आठवली.

आता एफडीचा प्रश्न. कागदावर पाहिलं तर मोडणं फायद्याचं दिसेल, ते लपवत नाही. एफडीवर साडेसहा टक्के मिळतात, कर्जाला दहा टक्के जातात. साडेतीन लाख कर्जात भरले तर वर्षाला बारा हजारांच्या आसपास वाचतात. (मुदतीआधी मोडल्याचा दंड आणि व्याजावरचा कर जमेला धरला तर आकडा हलतो, पण दिशा तीच.) तरी मी नको म्हणतो. कर्जात भरलेले पैसे गरज पडली तर परत काढता येत नाहीत, आणि घरात रोख म्हणावी अशी तेवढीच रक्कम दिसते. आणि वडील तर ते कर्जात भरायचं म्हणतच नाहीत, तुला पाठवायचं म्हणतात. म्हणजे बँकेच्या महागड्या दरानं युरो घ्यायचे, वर शुल्क आणि जीएसटी भरायचा, आणि ते पैसे तुझ्या खात्यात 844च्या शेजारी नुसते पडून राहणार. कशासाठी?

त्या एफडीची गरज लागू शकते ती पुढच्या ऑक्टोबरच्या सुमाराला. परमिटचं नूतनीकरण करताना दुसऱ्या वर्षाच्या पैशांची सोय पुन्हा दाखवावी लागते, आणि आजच्या नियमानं ती महिन्याला 992, वर्षाला 11,904 आहे. तुझ्या पत्रात याचा उल्लेखच नाही, आणि मला खरी चिंता वाटली ती इथे. हिशेबाला सोपं म्हणून युरो 100 रुपये धरतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच पडतो. लागणार 11.9 लाख. कर्जातले उरलेत 6.5 लाख. खड्डा 5.4 लाखांचा, म्हणजे 5,400 युरो. या नोव्हेंबरमध्ये एफडी मोडली तर पुढच्या वर्षी हा खड्डा भरायला हातात काय राहील?

म्हणून कामाचा प्रश्न. रात्रीच्या कामाला मी नावं ठेवत नाही. नियमातही ते बसतं. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं आणि चार तासांची पाळी अर्ध्या दिवसातच मोजली जाते. माझी हरकत फक्त वेळेवर आहे. आता ते फेब्रुवारीचा मध्य, म्हणजे तीन महिने, तू 3,300 युरो कमावशील. रात्री दोनला सुटायचं, ट्राम मिळवायची, तीनला अंथरुणावर, आणि नऊला लेक्चर. तेही अशा भाषेच्या देशात, जिथे दुकानातली पाटी वाचायलाही तुला अजून दोनदा थांबावं लागतं. फेब्रुवारीतल्या परीक्षेत दोन विषय राहिले आणि त्यापायी एक सेमिस्टर वाढलं, तर सहा महिन्यांचे 816 प्रमाणे 4,896 युरो. मिळवलेले 3,300 त्यात बुडाले, शिवाय नोकरी सहा महिने लांबली, त्या पगाराचा आकडा मी लिहितही नाही. वर अनेक विद्यापीठांत एका विषयाला परीक्षेच्या तीनच संधी असतात. पहिली संधी झोपेत घालवायची नसते.

पहिल्या सेमिस्टरच्या गुणांना रोखीचीही किंमत आहे. प्राध्यापकांच्या हाताखालचं काम, तुम्ही मुलं ज्याला हिवी म्हणता, ते देताना गुणपत्रिका बघतात. ते काम 140 दिवसांच्या हिशेबात धरत नाहीत, ऊबदार खोलीत बसून होतं, आणि पुढे कंपनीत अर्ज करताना त्याचं वजन पडतं. गोदामातल्या कामाचं तसं नाही.

तेव्हा माझं मत: गोदामाला आत्ता नकार कळव. फारच हात शिवशिवत असतील तर जानेवारीपर्यंत मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, किंवा लायब्ररीत आठवड्याला पाच-सहा तासांचं दिवसाचं काम बघ. पैशांसाठी नको, चार माणसं नावानं ओळखावीत म्हणून. परीक्षा संपली की मार्चची सुट्टी मोकळी आहे. तेव्हा हवं तर त्याच गोदामात पूर्णवेळ जा, दिवसपाळी माग. कापाकापी होऊनही 1,500च्या पुढे हातात यावेत. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मिनीजॉब, म्हणजे महिन्याच्या कमाईला मर्यादा असलेलं छोटं काम, कर. त्याची मर्यादा 2025मध्ये महिन्याला 556 युरो होती, जानेवारी 2026पासून 603 झाली, आणि किमान वेतन तासाला 12.82वरून 13.90वर गेलं. म्हणजे आठवड्याला जेमतेम दहा तास. सहा महिन्यांचे 3,618. मार्चचे धरून 5,100च्या वर गेलीस. त्यात दर महिन्याचे 176 उरत गेले तर 5,400चा खड्डा बुजून वर थोडी माती राहते, आणि वडिलांची एफडी आहे तिथेच. कामाचा करार हातात असेल तर तो पगार नूतनीकरणाच्या वेळी जमेला धरतात का, हे तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात आधीच विचारून ठेव. धरत असतील तर खात्यात दाखवायची रक्कम तेवढी कमी होईल.

कर्जाच्या व्याजाचं तू लिहिलंस की त्यानं पोटात गोळा येतो. 13.5 लाखांवर दहा टक्क्यांनी महिन्याला 11,250 रुपये, म्हणजे 112 युरो. गोळा येण्यासारखं आहे, पण तो एवढाच आहे. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. सरकारी बँका या काळात साधारणपणे सरळ व्याज लावतात आणि मग ते मुद्दलात मिळवतात. काहीच भरलं नाहीस तर तीन वर्षांत 4 लाख 5 हजार चढतील, आणि दहा वर्षांच्या परतफेडीत हप्ता महिन्याला 5,350 रुपयांच्या आसपास वाढेल. इंजिनिअरच्या पगारातून तो निघतो. वडिलांना शाखेत जाऊन एक विचारायला सांग: व्याज दरमहा भरलं तर दरात एक टक्का सवलत आहे का? बऱ्याच बँकांत असते. असेल तर एप्रिलपासून मिनीजॉबमधून ते भरता येईल का बघू. पण आधी पुढच्या वर्षाचा खड्डा, मग व्याज. वडील आयकर जुन्या पद्धतीनं भरत असतील आणि कर्जात त्यांचंही नाव असेल, तर त्यांनी भरलेल्या व्याजावर करात वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. तेवढं त्यांच्या सीएला विचारा.

परत येण्याबद्दल. पैशांचा माणूस म्हणून एवढंच सांगू शकतो की ते तुला वाटतं तेवढं महाग नाही. डिपॉझिट परत मिळालं तर आजवरचे 2,060 युरो आणि विमानाची तिकिटं गेली. ब्लॉक्ड अकाउंटमधली उरलेली रक्कम तिथली कागदपत्रं पूर्ण करून सोडवता येते, ती कर्जात भरायची. तीन लाखांच्या आत-बाहेरचा फटका. ‘आता एवढे पैसे घातलेत’ म्हणून तिथे कुढत राहू नकोस. पण निर्णय फेब्रुवारीनंतर घे. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे घड्याळं मागे गेली, आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे. वडील रात्री नऊला जेवण उरकून फोन करतात तेव्हा तुझ्याकडे साडेचार वाजलेले असतात आणि बाहेर अंधार पडायला लागलेला असतो. अशा वेळी कराडची खिडकी आठवणारच. फोनची वेळ बदला. सकाळी तुझ्या आठला कर, त्यांची दुपारची सुट्टी असेल.

आणि प्रत्येक किमतीला शंभरानं गुणणं बंद कर. कॉफी 380 रुपयांची, कोथिंबिरीची कुंडी 180 रुपयांची, असं पत्रात दोनदा आलंय. तुला महिन्याला 992 युरो मिळतात, त्यातच मोजायचं. खाण्या-वरखर्चाचे 325 म्हणजे आठवड्याला 75. सोमवारी तेवढे रोख काढ आणि डब्यात ठेव. रविवारी दुकानं बंदच असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी डबा उघडून बघितला की हिशेब झाला. बाटल्या परत करून मशीनमधून मिळणारे 25 सेंट त्याच डब्यात टाक.

एक काम मात्र वडिलांनी याच आठवड्यात करावं. तुझं कराडच्या बँकेतलं बचत खातं अजून साधं निवासी असणार. शिकायला परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी धरतात, म्हणून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं. फॉर्म, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, सह्या एवढंच लागतं, पण सह्या तुझ्या लागतील आणि टपालाला वेळ लागेल. केवायसीचा मेसेज येऊन खातं गोठलं की मग पळापळ होते, आणि तुझं कर्जाचं खातं त्याच शाखेत आहे.