गाडी घरी ठेवायची म्हटलं की जिवावर येतं

प्रश्न: मी कोथरूडला राहतो, ऑफिस कल्याणीनगरला. वनाझवरून मेट्रो थेट जाते हे माहितीये, बायकोही रोज ऐकवते, तरी सकाळी हात आपोआप कारच्या किल्लीकडेच जातो. मी आळशी आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आळशी कसले, सवय लागलीये! रोज तेच केलं की डोकं दुसरा पर्याय तोलायचंच सोडून देतं. त्यात हिशोबाची गंमत बघा, कारचा हप्ता, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग हे सगळं गेलेले पैसे म्हणून डोळ्याआड होतं आणि मेट्रोचं तिकीट मात्र रोज खिशातून जाताना दिसतं, म्हणून तेच महाग वाटतं. वेळेचंही तसंच. प्लॅटफॉर्मवरची पाच मिनिटं संपता संपत नाहीत, पण नळ स्टॉपच्या सिग्नलला (मीही तिथे कितीदा चरफडलोय) स्टिअरिंग हातात असतं ना, त्यामुळे आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

जपानात ओसाका भागातला एक फ्रीवे आठ दिवस बंद होता, तेव्हा संशोधकांना दिसलं की कारवाल्यांनी ट्रेन-बसला लागणारा वेळ उगाच जास्त धरलेला, प्रत्यक्ष प्रवास केल्यावर तो अंदाज सुधारला. तेव्हा आठवडाभर किल्ली बायकोकडे द्या आणि स्टेशनवरून ऑफिसला चालत की रिक्षाने हे आदल्या रात्रीच ठरवा, कारण बरेचजण तिथेच अडतात. फक्त त्यांना ड्रायव्हिंग येत असेल तर किल्ली परत मिळेलच याची गॅरंटी मी घेत नाही.