मॉड टाकायचेत, पण सुरुवात कुठून? स्कायरिमवाल्यांचे प्रश्न

स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की पुढचे दोन आठवडे आमच्याकडे स्कायरिम ह्या गेमचेच प्रश्न येतात. गेम नोव्हेंबर २०११ चा, तरी लोक अजून घेतायत, आणि घेतात ते मॉडसाठीच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या वरून टाकायच्या फाइलींसाठी. एक आधीच सांगून टाकतो, खाली जे लिहिलंय ते २०१६ मध्ये आलेल्या स्पेशल एडिशनबद्दल आहे. २०११ वाला मूळ गेम ३२-बिट, हा ६४-बिट, त्याचे मॉड ह्यात कोंबू नका.

प्रश्न : गेम घेतला. यूट्यूबवर एकाने ४०० मॉडची लिस्ट दिलीये, ती सगळी एकदम टाकू का? (कांदिवली)

नका हो. चालेलही कदाचित, पण ज्या रात्री गेम उघडता उघडता बंद पडेल त्या रात्री चारशेपैकी नेमकी कुणी माती खाल्ली हे कसं शोधणार? आधी गेम नुसता, काहीही न टाकता, एकदा लाँचरमधून चालू करा. त्याने तुमचं ग्राफिक्स कार्ड ओळखलं जातं आणि डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये सेटिंगच्या फाइली तयार होतात, ज्या पुढे लागणारच आहेत. आणि गेम सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर आत्ताच हलवा, स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेजला जाऊन दुसरीकडे लायब्ररी बनवता येते, नाहीतर विंडोज त्या फोल्डरवर पहारा देत बसतं आणि मॉड मॅनेजरला (मॉड टाकायच्या-काढायच्या प्रोग्रामला) धड काही लिहूच देत नाही.

मग हे चार : स्क्रिप्ट एक्सटेंडर म्हणजे एसकेएसई, अॅड्रेस लायब्ररी (ह्या दोघांचं काम पुढच्या उत्तरात), मेनू सुधारणारा स्काययूआय आणि गेममधल्या चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच. एक टाकला की गेम चालू करायचा, दोन मिनिटं फिरायचं, मगच दुसरा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण चारशेवाल्या लिस्टचा मालकसुद्धा तिथवर असाच पोचलेला असतो, व्हिडिओत तेवढं दाखवत नाहीत.

प्रश्न : काल रात्रीपर्यंत सगळं नीट चालत होतं. सकाळी स्टीमने अपडेट मारला आणि आता एसकेएसई म्हणतं गेमचं व्हर्जन नवीन आहे, चालू होणार नाही. मी तर कशाला हातच लावला नाही! मित्राचंही असंच झालंय, त्याचा गेम पेनड्राइव्हवरून आलाय. (भांडुप, एसवायचा विद्यार्थी)

तू नाही लावलास, स्टीमने लावला. बघ, एसकेएसई चालत्या गेमच्या मेमरीत शिरून ठरावीक पत्त्यांवरचं काम आपल्या हातात घेतं. अपडेटमध्ये गेमची एक्सई फाइल बदलली की आतले सगळे पत्ते सरकतात आणि जुनं एसकेएसई भलत्याच दारावर जाऊन उभं राहतं, म्हणून ते आधी व्हर्जन तपासतं आणि जुळलं नाही तर सरळ नाही म्हणतं, जे बरंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये क्रिएशन्सवाला (गेमच्या आतल्या मॉडच्या मेनूचा) अपडेट आला तेव्हा जगभर हाच गोंधळ झाला होता. अॅड्रेस लायब्ररी लागते ती ह्याचसाठी, तिच्यात प्रत्येक व्हर्जनच्या पत्त्यांची यादी असते, त्यामुळे एसकेएसईवर चालणारे बाकीचे डीएलएलवाले मॉड दरवेळी नव्याने बनवावे लागत नाहीत.

आता करायचं काय तर तुझ्या व्हर्जनचं नवीन एसकेएसई आलंय का बघ. गेमच्या एक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे व्हर्जन लिहिलेलं असतं. झिपमधली लोडर आणि डीएलएल ह्या फाइली जिथे गेमची एक्सई आहे तिथेच ठेवायच्या, डेटा फोल्डरमध्ये नाही, निम्मे लोक इथेच चुकतात. स्क्रिप्ट्सचं फोल्डर मात्र डेटामध्ये. नंतर गेम लोडरवरूनच चालू कर, आत टिल्डचं (~) बटण दाबून गेटएसकेएसईव्हर्जन टाइप कर, आकडा आला की जिंकलास.

आणि पुढच्या वेळेसाठी, स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्सला जा आणि गेम लाँच केल्यावरच अपडेट कर हा पर्याय निवड, मग स्टीमचं हिरवं प्लेचं बटण विसरून जा, कायम लोडर. तुझ्या मित्राचा गेम पेनड्राइव्हवरून आलेला आहे म्हणतोस, त्याला मी मदत करणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या गेमपासवरून गेम घेणाऱ्यांनाही एसकेएसई चालत नाही, ते पैसे भरूनसुद्धा, त्यांचं खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : व्हॉर्टेक्स की मॉड ऑर्गनायझर? (चेंबूर)

दोन्ही मॉड मॅनेजरच. गंमत म्हणजे मॉड ऑर्गनायझर मुळात ज्याने लिहिला त्यालाच नेक्ससने (मॉड मिळतात ती साइट) व्हॉर्टेक्स बनवायला घेतलं होतं, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांची भांडणं वाचताना मला हसू येतं. व्हॉर्टेक्स फाइलींचे हार्डलिंक (त्याच फाइलीचं दुसरं नाव) बनवून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून मॉड ठेवायची जागा आणि गेम एकाच ड्राइव्हवर हवेत. मॉड ऑर्गनायझर गेमच्या फोल्डरला हातच लावत नाही, चालू करताना गेमला भास करून देतो की मॉड तिथेच आहेत, म्हणून गेमही त्याच्यातूनच चालू करावा लागतो. माझं मत विचाराल तर मॉड ऑर्गनायझर. पहिले दोन दिवस डोकं खातो, पण एका टिकमध्ये मॉड बंद करता येतो आणि मूळ गेम स्वच्छ राहतो.

प्रश्न : दोन मॉड टाकले, बायकांचे चेहरे सुधारणारा एक आणि गावं सजवणारा एक. आता काही जणींचं तोंड काळं पडलंय, गळ्याखाली नीट आहेत. शिवाय एक भिंत जांभळी दिसते. (विक्रोळी)

भिंतीचं सोपं आहे. जांभळं म्हणजे टेक्स्चरची, म्हणजे वस्तूवर चढवलेल्या चित्राची, फाइल सापडत नाहीये, मॉड अर्धवट उतरला असेल नाहीतर त्याला लागणारा दुसरा मॉड तुम्ही टाकलाच नसेल. त्याच्या पानावर रिक्वायरमेंट्स वाचा, तो भाग सगळेच वगळतात.

काळ्या तोंडाचं जरा खोलात आहे. गेममधल्या माणसाचा चेहरा दोन जागी साठवलेला असतो, एक प्लगइनमधली (मॉडची मुख्य फाइल) नोंद आणि दुसरी तयार चेहऱ्याची वेगळी फाइल, ह्या दोघी जुळल्या नाहीत की तोंड काळं. दोन्ही मॉडनी त्याच बायकांना हात लावलाय, आणि तुमच्याकडे नोंद एकाची जिंकलीये, फाइल दुसऱ्याची. नाक्यावर एकावर एक बॅनर लावतात तेव्हा दिसतो तो शेवटचाच, इथेही तसंच आहे, पण मॉड ऑर्गनायझरमध्ये असे दोन नाके आहेत : डावीकडच्या यादीत फाइलींचा क्रम, उजवीकडच्या यादीत प्लगइनचा. चेहऱ्यांचा मॉड दोन्ही याद्यांत गावांच्या मॉडच्या खाली ओढा, बहुतेक तेवढ्यानेच भागेल. लूट नावाचं टूल उजवीकडची यादी आपोआप लावून देतं, डावीकडची तुम्हालाच लावायची असते. तरीही कुणी काळं राहिलंच तर एसएसईएडिट नावाच्या टूलमध्ये ती व्यक्ती उघडून बघा, शेवटचा हात कुणाचा ते तिथे दिसतं.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. म्हणतो मॉड फुकट असतात. खरंच? आणि व्हायरस वगैरे? (गोरेगाव, एक आई)

खरं बोलतोय तो, ताई. नेक्ससवरचे मॉड फुकट असतात, फुकट खात्याला डाउनलोड जरा हळू मिळतं इतकंच. गेमच्या आतल्या क्रिएशन्स मेनूमध्ये मात्र काही गोष्टी पैशाच्या असतात, तिथे तुमचं कार्ड सेव्ह करून ठेवू नका. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमनेच मॉड विकायला काढले होते, लोक एवढे भडकले की चारच दिवसांत गुंडाळावं लागलं. व्हायरसचं म्हणाल तर मूळ पानावरूनच घ्यायचं, तेच मॉड उचलून स्वतःच्या साइटवर टाकणारे खूप आहेत, तिकडे फिरकायचं नाही. आणि मोठ्यांसाठीचे मॉडही नेक्ससवर असतात, ते सुरुवातीला लपवलेले असतात, पण खात्याच्या सेटिंगमधून उघडता येतात, तेव्हा खातं तुमच्या ईमेलवर काढा.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. ४के टेक्स्चर टाकले तर मे महिन्यात इस्त्रीसारखा तापतो आणि अडखळतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन काय घेऊ? (परळ)

लॅपटॉपचं कार्ड बदलून मिळत नाही, तेव्हा कार्ड घ्यायला जाऊ नका. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घ्या, लोडिंग लगेच सुधारेल. बाकी उपाय फुकट आहे : ४के म्हणजे ४०९६ बाय ४०९६, २के म्हणजे २०४८ बाय २०४८, म्हणजे जागा सरळ चौपट, आणि टेबलावरच्या चीजच्या तुकड्याला ४के कशाला हवंय? डोंगर, रस्ते २के, भांडीकुंडी १के. फ्रेम सेकंदाला ६० वर अडवा, पंखाही शांत होईल.

प्रश्न : एक फॉलोअरवाला (आपल्यासोबत फिरणारं पात्र देणारा) मॉड कंटाळवाणा निघाला, त्यातली बाई नकोच झालीये. चालू गेममधून काढला तर चालेल? (दादर)

टेक्स्चरचा असता तर बिनधास्त काढा म्हटलं असतं. पण फॉलोअरच्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) सेव्हमध्ये मुरतात, मॉड काढला तरी मागे काहीबाही उरतं आणि वीस तासांनी भलतीकडेच क्रॅश होतो. मॉड टाकायच्या आधीचा सेव्ह असेल तर त्यावर जा. नसेल तर ही कथा संपवा, मॉड पुढच्या नव्या गेमला काढा, आणि तोपर्यंत त्या बाईंना डिसमिस करून टाका नाहीतर गेममधल्या व्हाइटरन शहरातलं घर ५,००० सोन्याला मिळतं, तिथे थांबायला सांगून कुलूप लावून निघा.