‘शेक’ घेणाऱ्या माणसाचे ताट वेगळे ठेवावे का?

कर्करुग्ण आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणे हे माझे रोजचे काम आहे. धुळे-जळगावकडच्या घरांतून एक प्रश्न नेमाने येतो: ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’, म्हणजे किरणोपचार, सुरू आहे, त्याच्या अंगातून किरण बाहेर पडतात का, आणि ते घरातल्या लहान मुलांना बाधतात का? साक्री तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची हकीकत त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आबांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली होती आणि कोबाल्ट यंत्रावर सहा आठवड्यांचा किरणोपचार सुरू झाला होता. घरात सून बाळंतीण. मावशींनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, पहिल्याच आठवड्यात आबांची खाट गोठ्यालगतच्या खोलीत हलवली, ताट-तांब्या वेगळा केला आणि नातवाला त्यांच्या मांडीवर देणे बंद केले. आबांनी कशालाच विरोध केला नाही. फक्त त्यांचे जेवण कमी झाले. माझ्यासमोर बराच वेळ ते गप्प होते आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “मन्हा नातूले काही व्हई का वं ताई?”

मावशींच्या भीतीमागे मात्र पक्का तर्क होता. यंत्र सुरू होण्याआधी सगळे कर्मचारी खोलीबाहेर जातात, जाड दरवाजा लागतो आणि आबांकडे कॅमेऱ्यातून पाहिले जाते. “शिकलेली माणसं बाहेर पळतात, मग आम्ही जवळ कसं बसायचं?” असे त्या म्हणाल्या. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रुग्णालयात त्याचे उत्तर सहसा कोणी देत नाही, कारण तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

मी आबांना विचारले, की दार उघडल्यावर चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा कोण सोडवते. “तोच यंत्रावरचा पोरगा. लगेच येतो, हातांनी खटके काढतो, दंड धरून उठवतो.” मावशी हे ऐकत होत्या. आबांच्या अंगात किरण साठत असते, तर दिवसभर एकामागून एक रुग्णांना हात लावणाऱ्या त्या मुलाने असे केले नसते. तो बाहेर जातो ते यंत्र चालू असतानाच्या किरणांपासून दूर राहण्यासाठी, कारण त्याला हे काम रोज आणि वर्षानुवर्षे करायचे असते. रुग्णापासून त्याला धोका नसतो.

कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू यंत्राच्या डोक्यात जड धातूच्या जाड कवचाआड बंद असतो. उपचाराच्या वेळी तो झरोक्यासमोर येतो, त्यातून निघालेले गॅमा किरण नेमून दिलेल्या भागातून जातात आणि वेळ संपताच तो पुन्हा कवचाआड जातो. किरण पेशींतल्या डीएनएच्या साखळ्या तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितके जमत नाही, म्हणून मात्रा रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) अशी थोडी थोडी दिली जाते. या किरणांची ऊर्जा शरीरातल्या अणूंचे केंद्रक ढवळून काढण्याइतकी नसते, त्यामुळे शरीर स्वतः किरणोत्सारी होत नाही. नव्या यंत्रांत कोबाल्टऐवजी विजेवर तयार केलेले क्ष-किरण असतात. त्यांनाही हेच लागू आहे.

आबांच्या मुलाला हे पटायला कांदा उपयोगी पडला. तो लासलगावला कांदा नेत असे आणि तिथले भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ केंद्र त्याने बाहेरून पाहिले होते. तिथे कोबाल्ट-६० चेच गॅमा किरण कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून देतात, आणि ती मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे असते. आबांच्या गालाला सहा आठवड्यांत मिळायची होती ६० ग्रे. तो कांदा लोक हाताळतात, चिरतात, खातात. मुलगा आईकडे वळून म्हणाला, “मग आबांचं ताट कशाला वेगळं?”

ताटाचा प्रश्न सुटला तरी माझी खरी काळजी आबांच्या जेवणाची होती. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, चव जाते, लाळ आटते, मानेची कातडी काळवंडते, थकवा येतो. हे किरणांचे खरे परिणाम, आणि ते रुग्णापुरतेच असतात. वजन घटले की चेहऱ्यावर बेतलेला मुखवटा सैल होतो आणि किरण नेमके लावणे अवघड होते, म्हणून एकटे बसवून अर्धपोटी ठेवण्याइतका तोटा दुसरा नाही. हिरव्या मिरचीचे भरीत आणि तर्रीदार शेवभाजी काही महिने बंद. त्याऐवजी मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, केळ्याची शिकरण. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ भरायची. हळद, तेल किंवा मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानेला लावायचे नाही. तंबाखू तर कायमचीच सोडायची, आणि हे मी आबांकडे बघूनच म्हटले.

निघताना मुलाने विचारले, की त्याच्या सासूबाईंना थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन देणार आहेत, त्यांनाही हेच लागू होते का. नाही. तिथे किरणोत्सारी आयोडीन-१३१ पोटात दिले जाते, ते दर आठ दिवसांनी निम्मे होते आणि तोवर लघवी, लाळ, घाम यांतूनही बाहेर पडते. मोठी मात्रा असेल तर काही दिवस रुग्णालयात वेगळ्या खोलीत राहावे लागते, आणि घरी आल्यावरही तान्ह्या मुलांपासून व गरोदर बायकांपासून सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंतर ठेवावे लागते. ती मुदत मात्रेनुसार बदलते, म्हणून रुग्णालयातून निघण्याआधी ती लेखी मागून घ्या, असे मी त्याला सांगितले.