मुलाखतीत ‘नागपुरात एकूण किती कूलर असतील?’ असे विचारले, तर काय उत्तर द्यावे?

अचूक आकडा आठवत बसण्याऐवजी आपली गृहीतके मोठ्याने सांगत अंदाज बांधावा, कारण असा प्रश्न विचारणाऱ्याला संख्येपेक्षा तुमची विचार करण्याची रीत पाहायची असते. नागपुरातच उमेदवारांच्या मुलाखती घेत असल्याने हे खात्रीने सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. कुटुंबात पाच माणसे धरली, तर जवळपास ५ लाख घरे होतात. त्यांपैकी किती घरांत एसी आला असेल, कितींकडे दोन कूलर असतील, दुकाने आणि वसतिगृहे वेगळी मोजावीत का, हे आपणहून विचारणारा उमेदवार मला सर्वांत उजवा वाटतो. मात्र प्रश्न निव्वळ माहितीचा असेल, तर अंदाज न ठोकता ‘माहीत नाही’ असे स्पष्ट सांगावे.